हापूसची पेटी बोरिवलीत विकताना: शेतीचे उत्पन्न कुठे संपते आणि धंद्याचे कुठे सुरू होते?

एप्रिल उजाडला की मुलुंड, बोरिवली, घाटकोपर, अंधेरी इथल्या सोसायट्यांच्या फाटकांशी आंब्याच्या पेट्या दिसू लागतात. कुणाची रत्नागिरीत कलमे असतात, कुणाचा चुलतभाऊ देवगडहून टेम्पो पाठवतो, कुणी गावातल्या पाच बागायतदारांचा माल एकत्र करून इमारतीच्या व्हॉट्सॲप गटावर विकतो. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे व भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर काढला. त्यानंतर वाशीच्या अडत्याला वगळून थेट ग्राहकाला विकण्याची ही पद्धत आणखी रुळली. बागायतदाराच्या हातात चार पैसे जास्त पडतात, ग्राहकाला खात्रीचा माल मिळतो. चांगलेच आहे.

मात्र या साखळीतल्या बहुतेकांचा एक पक्का समज असतो: "आंबा म्हणजे शेती, आणि शेतीला कर नाही." हे अर्धेच खरे आहे. मी कृषी पदवीधर आहे, कर सल्लागार नाही. पण शेतकरी हा प्रश्न सनदी लेखापालाला विचारण्याआधी कृषी सहायकाला किंवा आमच्यासारख्यांना विचारतात. त्यामुळे नियमांची किमान चौकट आपल्याला माहीत असायला हवी. हा लेख तेवढ्यासाठीच. स्वतःचे विवरणपत्र भरताना मात्र जाणकाराचा सल्ला घ्यावा.

पेटी कुणाची, यावर सारे ठरते

प्राप्तिकर कायद्यात शेती उत्पन्न करमुक्त आहे, आणि 'शेती उत्पन्न' म्हणजे काय याची व्याख्या त्याच कायद्यात दिली आहे. जमीन भारतात असावी, ती शेतीसाठी वापरलेली असावी आणि उत्पन्न त्या जमिनीतून आलेले असावे. जमीन स्वतःच्या मालकीची असलीच पाहिजे असे नाही. खंडाने घेऊन कसणाऱ्याचे उत्पन्न शेतीचे असते, आणि जमीनमालकाला मिळणारा खंड किंवा वाटाही शेतीचाच असतो.

शेती म्हणजे नेमके काय, याचा खुलासा सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये राजा बिनॉयकुमार सहास रॉय यांच्या खटल्यात केला. नांगरणी, पेरणी, लागवड अशी जमिनीवरची मूळ कामे झाली असतील तरच त्यापुढची खुरपणी, छाटणी, राखण, काढणी ही कामे शेतीत धरली जातात. मूळ कामे दुसऱ्याने केली आणि आपण फक्त काढणी करून विकले, तर ती शेती ठरत नाही. जवळजवळ सत्तर वर्षांनंतरही कर अधिकारी आणि न्यायाधिकरणे हीच कसोटी लावतात.

ही कसोटी आपल्या तीन आंबेविक्रेत्यांना लावून पाहू.

पहिला स्वतःच्या कलमांचा आंबा काढतो, प्रतवारी करतो, आढी लावून पिकवतो, पेट्या भरतो आणि मुलुंडला आणून विकतो. माल विकण्याजोगा व्हावा म्हणून शेतकरी नेहमी जी प्रक्रिया करतो ती शेतीचाच भाग मानली जाते. त्यामुळे आढी, प्रतवारी, पेटी यांमुळे उत्पन्नाचे स्वरूप बदलत नाही. विक्री गावात केली की मुंबईत, यानेही फरक पडत नाही. टेम्पोचे भाडे, पेट्यांचा खर्च आणि राखणदारांचा पगार वजा जाऊन जे उरते ते शेतीचे उत्पन्न.

दुसरा गावातल्या इतर बागायतदारांकडून आंबा विकत घेऊन विकतो. हा सरळ व्यापार आहे. विक्रेता स्वतः शेतकरी असला, सातबारावर त्याचे नाव असले, तरी त्या मालावरचा नफा धंद्याचाच. घरचा माल आणि बाहेरचा माल एकाच टेम्पोत येतो आणि पैसे एकाच खात्यात जमा होतात, इथेच घोटाळा होतो. पुढे कुणी विचारले तर कोणता रुपया कोणत्या झाडाचा हे सांगता येत नाही.

तिसरा माल विकत घेत नाही. तो मुंबईत मागणी नोंदवतो, पेट्या पोहोचवतो आणि पेटीमागे ठरलेली रक्कम घेतो. ही दलाली झाली. तीही धंद्याचे उत्पन्न आहे, पण तिचे नियम व्यापारापेक्षा थोडे वेगळे आहेत. ते पुढे येतील.

कोकणात चौथा प्रकारही आहे, आणि तो सर्वांत गुंतागुंतीचा: बाग कराराने घेणारा. झाडावरचा मोहोर किंवा फळ पाहून फक्त त्या हंगामाचे पीक विकत घेतले, तर जमिनीत आपला कोणताही हक्क नसतो आणि मूळ कामेही आपण केलेली नसतात. ते उत्पन्न शेतीचे म्हणून टिकणे कठीण. पण काही वर्षांसाठी बाग खंडाने घेऊन आळी केली, खते दिली, जुलै-ऑगस्टमध्ये कल्टार दिले, तुडतुडे-फुलकिड्यांच्या फवारण्या केल्या, तर आपण ती जमीन कसत आहोत असे म्हणायला आधार मिळतो. हा आधार कागदावर असला पाहिजे. आपल्याकडे असे करार तोंडीच होतात. किमान साध्या लेखी करारात गट क्रमांक, मुदत, रक्कम आणि मशागत कुणी करायची हे स्पष्ट लिहावे. फवारणीची वही ठेवावी. ही वही कीडनाशकांचे अवशेष तपासतानाही उपयोगी पडते, म्हणजे एकाच वहीची दोन कामे.

"बारा लाखांपर्यंत कर नाही", मग नोटीस कशाला आली?

उपनगरात राहणाऱ्या आणि गावी शेती असलेल्या नोकरदारांनी हा भाग नीट वाचावा.

शेती उत्पन्नावर थेट कर लागत नाही. पण शेती उत्पन्न ५,००० रुपयांपेक्षा जास्त असेल आणि इतर उत्पन्नही मूळ सवलत मर्यादेच्या वर असेल, तर कराचा दर ठरवताना शेती उत्पन्न मिळवले जाते. हिशेब असा: दोन्ही उत्पन्ने एकत्र करून कर काढायचा. मग शेती उत्पन्न अधिक मूळ सवलत मर्यादा या रकमेवर कर काढायचा. पहिल्यातून दुसरा वजा करायचा. उरेल तो कर.

२०२५-२६ या आर्थिक वर्षाच्या नव्या करप्रणालीतले उदाहरण घेऊ. त्यात मूळ मर्यादा ४ लाख आहे. त्यापुढे दर ४ लाखांच्या टप्प्याला ५, १०, १५, २०, २५ टक्के आणि २४ लाखांवर ३० टक्के असे दर आहेत. अंधेरीत नोकरी करणाऱ्या एकाचे सर्व वजावटी जाऊन उत्पन्न ११ लाख आहे. गावच्या आंबा-काजूतून निव्वळ ५ लाख येतात.

एकूण १६ लाखांवर कर १,२०,००० रुपये. शेतीचे ५ लाख अधिक ४ लाख, म्हणजे ९ लाखांवर कर ३०,००० रुपये. फरक ९०,००० रुपये. आता १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नाला जी सूट मिळते ती जास्तीत जास्त ६०,००० रुपयांची आहे. ती वजा केली तरी ३०,००० रुपये उरतात, आणि ४ टक्के उपकर धरून ३१,२०० रुपये भरावे लागतात. शेती नसती तर याच माणसाचा ११ लाखांवरचा ५०,००० रुपये कर सुटीत पूर्ण माफ झाला असता.

म्हणजे "बारा लाखांपर्यंत कर नाही" हे वाक्य शेती उत्पन्न असलेल्याला जसेच्या तसे लागू होत नाही. शेती उत्पन्न लपवण्यात अर्थ नाही. विक्रीचे पैसे आता बँकेतच येतात.

दुसरी चूक अर्जाच्या निवडीत होते. शेती उत्पन्न ५,००० रुपयांवर असेल तर नोकरदाराला 'सहज' म्हणजे आयटीआर-१ भरता येत नाही. आयटीआर-२ भरावा लागतो. धंदाही असेल तर आयटीआर-३. मी स्वतः सुरुवातीच्या काळात घरच्या कलमांचे उत्पन्न दाखवून आयटीआर-१ भरला होता. ज्याच्याकडून भरून घेतला त्याने काही विचारले नाही, मीही सांगितले नाही. पुढे सदोष विवरणपत्राचे पत्र आले आणि ते दुरुस्त करताना मागच्या वर्षाच्या पावत्या शोधण्यात दोन रविवार गेले. शेती उत्पन्न ५ लाखांपेक्षा जास्त असेल तर जमिनीचा जिल्हा, पिनकोड, क्षेत्र एकरात, मालकीची की खंडाची, आणि बागायत की कोरडवाहू, हेही अर्जात द्यावे लागते. सातबारा हाताशी ठेवूनच बसावे.

सातबाराचा विषय निघालाच आहे म्हणून: कोकणात एका उताऱ्यावर पाच-सात नावे असतात आणि बाग एकच भाऊ पाहतो. ज्याने खर्च केला आणि ज्याला पैसे मिळाले, त्याचे ते उत्पन्न. मुंबईतल्या भावाला वाटा मिळत असेल तर तो वाटा त्याच्या विवरणपत्रात शेती उत्पन्न म्हणून जाईल. कुणाला किती मिळाले हे बँक व्यवहारातून दिसले पाहिजे. २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू आहे. फळबागेची नोंद तिथे नसेल, तर पाच लाखांचा आंबा कुठून आला याचे उत्तर देणे जड जाते. कृषी सहायकांनी पीकविम्याच्या निमित्ताने ही नोंद तपासून घ्यायला सांगावे.

डबाबंद झाला की हिशेब दोन भागांत

डागी आणि लहान फळ कॅनिंगला जाते. काही बागायतदार, विशेषतः महिला गट, आता घरीच रस, जॅम, आंबापोळी करून उपनगरांतल्या प्रदर्शनांत आणि आठवडी बाजारांत विकतात. रस डब्यात भरणे ही आंबा विकण्याजोगा करण्याची नेहमीची प्रक्रिया नाही, कारण आंब्याला ताज्या रूपात बाजार आहेच. तंबाखूचे तसे नाही, पाने सुकवल्याशिवाय ती विकलीच जात नाहीत, म्हणून ते सुकवणे शेतीत मोडते. फरक हा असा आहे.

स्वतःच्या मालावर प्रक्रिया केली तर उत्पन्न दोन भागांत विभागले जाते. समजा, घरचा ३ टन आंबा रसासाठी वापरला आणि त्या दिवशी कॅनिंगचा भाव किलोला ४० रुपये होता. मालाची बाजारकिंमत १,२०,००० रुपये. ही शेतीची विक्री मानायची आणि लागवडीचा खर्च तिच्यातून वजा करायचा. रसाची विक्री ३,००,००० रुपये झाली. बाटल्या, गॅस, मजुरी, लेबल मिळून १,१०,००० रुपये गेले. धंद्याचा नफा ३,००,००० वजा १,२०,००० वजा १,१०,०००, म्हणजे ७०,००० रुपये. फवारणीचा खर्च इथे पुन्हा दाखवता येत नाही.

यासाठी त्या दिवसाच्या बाजारभावाचा पुरावा लागतो. कॅनिंग कारखान्याची किंवा बाजार समितीची पावती, निदान भावाचे कात्रण जपून ठेवावे.

रस-जॅम करणाऱ्यांना अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणीही लागते. स्वतःच्या शेतातला ताजा आंबा विकणाऱ्या शेतकऱ्याला तो कायदा लागू नाही. तरीही कॅल्शियम कार्बाइडने पिकवलेले फळ विकण्यास बंदी आहे, याचा विसर पडू देऊ नये. मुंबईतला ग्राहक ते विचारतोच.

जीएसटी: शेतकरी कोण?

जीएसटी कायद्यात 'शेतकरी' म्हणजे स्वतः, घरच्यांच्या श्रमाने किंवा स्वतःच्या देखरेखीखाली मजूर लावून जमीन कसणारी व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब. अशा शेतकऱ्याला आपल्या जमिनीतला माल विकण्यासाठी नोंदणी लागत नाही. शेतकरी उत्पादक कंपनी या व्याख्येत बसत नाही, कारण ती कंपनी आहे. पण ती केवळ ताजी फळे-भाजी विकत असेल तर त्या मालावर करच नाही, म्हणून नोंदणीची गरज नाही. हीच गोष्ट दुसऱ्या विक्रेत्याची, म्हणजे विकत घेऊन ताजा आंबा विकणाऱ्याची.

प्रश्न मिश्र माल विकणाऱ्याचा आहे. महाराष्ट्रात मालाच्या विक्रीसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला ४० लाख रुपये आहे, सेवांसाठी २० लाख. ही मर्यादा मोजताना करमुक्त मालही धरला जातो. समजा, बोरिवलीच्या एका विक्रेत्याने ३५ लाखांचा ताजा आंबा विकला आणि सोबत ६ लाखांचा जॅम व लोणची. करपात्र विक्री फक्त ६ लाख असली तरी एकूण ४१ लाख झाले. नोंदणी घ्यावी लागेल. कर भरायचा तो ६ लाखांवरच, पण नोंदणी नसल्याचा दंड वेगळा. हे गणित मे महिन्याच्या गडबडीत कुणी करत नाही. एप्रिलपासूनची बेरीज दर आठवड्याला करत राहावी.

२२ सप्टेंबर २०२५ पासून दरांची रचना बदलली. जॅम, लोणची यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुने दरपत्रक दुकानात लावलेले असेल तर ते बदलावे. काजूबद्दल एक बारकावा: सालासकट कच्चा काजू शेतकऱ्याकडून नोंदणीकृत कारखानदाराने घेतला, तर कर भरण्याची जबाबदारी घेणाऱ्यावर असते, शेतकऱ्यावर नाही. कुणी त्यासाठी शेतकऱ्याच्या रकमेतून पैसे कापत असेल तर त्याला विचारावे.

नोंदणी नसली तरी नोंदी हव्यातच. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या, त्यांत भाजीविक्रेतेही होते. भाजीवर कर नसतो, हे त्या विक्रेत्याला मागाहून सिद्ध करावे लागते. आंब्याच्या हंगामात तीन महिन्यांत कुणाच्या खात्यावर पंधरा-वीस लाख फिरतात, त्यातला निम्मा पैसा गावाकडच्या बागायतदारांचा असतो. म्हणून हंगामासाठी वेगळे बँक खाते आणि वेगळा क्यूआर कोड ठेवावा, आणि बागायतदारांना पैसे त्याच खात्यातून पाठवावेत. खर्च फार नाही, फायदा मोठा.

छोट्या विक्रेत्याला सोपी वाट

विकत घेऊन विकणाऱ्याला अंदाजित नफ्याची योजना उपयोगी आहे. वर्षाची उलाढाल २ कोटींपर्यंत असेल तर उलाढालीच्या ८ टक्के, आणि बँक किंवा यूपीआयने आलेल्या रकमेवर ६ टक्के नफा धरून कर भरता येतो. सविस्तर हिशेबपुस्तके ठेवण्याची सक्ती नसते. रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर मर्यादा ३ कोटी. उदाहरणार्थ, २० लाखांची विक्री सगळी यूपीआयवर झाली तर नफा १,२०,००० रुपये धरला जातो. दलालीने काम करणाऱ्या तिसऱ्या विक्रेत्याला मात्र ही योजना वापरता येत नाही. त्याने प्रत्यक्ष जमा-खर्च लिहावा. एकदा ही योजना घेऊन मध्येच सोडली तर पुढची पाच वर्षे पुन्हा घेता येत नाही.

रोखीचे दोन नियम. धंदेवाल्याने एका दिवशी एका व्यक्तीला १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च नामंजूर होतो. पण पिकवणाऱ्या शेतकऱ्याकडून थेट शेतमाल घेतला असेल तर या नियमातून सूट आहे. मधल्या व्यापाऱ्याकडून घेतल्यास सूट नाही. आणि कुणाकडूनही, एका दिवशी किंवा एका व्यवहारापोटी, २ लाख किंवा जास्त रोख स्वीकारू नये. हा नियम शेतकऱ्यालाही लागू आहे. बागेचा सौदा रोखीत करणाऱ्या मंडळींनी हे विशेष लक्षात ठेवावे.

उपनगरातच पिकवणाऱ्यांसाठी

आंबा गावाकडून येतो. पण उपनगरांतही रोपवाटिका आहेत, गोराई-मनोरीकडे भाजी पिकते, आरेत तबेले आहेत. व्याख्येत जमीन शहरात की खेड्यात असा भेद पिकाच्या उत्पन्नासाठी नाही. त्यामुळे गोराईतल्या भाजीचे उत्पन्न शेतीचेच.

रोपवाटिकेत वाढवलेल्या रोपांचे उत्पन्न कायद्याने स्पष्टपणे शेतीचे मानले आहे. पण आंध्रातल्या कडियमहून झाडे आणून महामार्गालगत विकणे हा व्यापार. सोसायटीची बाग सांभाळण्याचे कंत्राट ही सेवा, तिच्यावर १८ टक्के जीएसटी, अर्थात उलाढाल २० लाखांवर गेली तर. सोसायटीने एकट्या माळी-कंत्राटदाराला वर्षात १ लाखावर रक्कम दिली तर ती १ टक्का कर कापून देते. उत्पन्न करपात्र नसेल तर तो विवरणपत्र भरून परत मिळतो. बरेच जण तो सोडूनच देतात.

अळिंबीचा वाद मोठा होता. बंद खोलीत ट्रेमध्ये वाढणारी ही गोष्ट जमिनीवरची शेती कशी, असा विभागाचा प्रश्न होता. २०१८ मध्ये प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाच्या हैदराबाद इथल्या विशेष पीठाने इन्व्हेंटा इंडस्ट्रीज प्रकरणात ट्रेमधली माती हीही जमीनच असे मानून ते उत्पन्न शेतीचे ठरवले. हे प्रकरण बटन अळिंबीचे होते. भुशाच्या पिशवीत धिंगरी घेणाऱ्यांनी तो निकाल आपल्याला आपोआप लागू होतो असे धरू नये.

दूध, कुक्कुटपालन आणि मत्स्यपालन शेती उत्पन्नात येत नाही. तबेलेवाल्याचा नफा धंद्याचा, चारा घरचा असला तरी. आणि उत्पादक कंपनीचा लाभांशही शेती उत्पन्न नव्हे. चहा कंपनीच्या भागधारक बचा गझदर यांच्या मुंबईतल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५० च्या दशकातच ते स्पष्ट केले आहे. उत्पादक कंपन्यांना नफ्यावर मिळणारी पूर्ण वजावट २०२३-२४ पर्यंतच्या वर्षांसाठीच होती. काही संचालक अजून तिच्यावर विसंबून अंदाजपत्रक करतात.

नवा प्राप्तिकर कायदा, २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासून लागू झाला आहे. कलमांचे क्रमांक बदलले, 'करवर्ष' हा शब्द आला. जुन्या क्रमांकांवर आधारलेली माहिती व्हॉट्सॲपवर फिरत राहील. सल्लागाराकडे जाताना सातबारा, पीक पाहणीची नोंद, फवारणीची वही, टेम्पोच्या पावत्या आणि हंगामाच्या खात्याचा उतारा बरोबर न्यावा, आणि घरच्या पेट्या किती व बाहेरच्या किती, हा आकडा आधीच कागदावर लिहून ठेवावा.